सगळंच सरकलं तर कळणार कसं? भूकंपानंतरची जमिनीची हालचाल जीपीएसने मोजायला शिकताना

११ मार्च २०११ च्या भूकंपात जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस स्टेशन ५.३ मीटर पूर्व-आग्नेयेला सरकलं आणि १.२ मीटर खाली बसलं. तिथे उभ्या असलेल्या माणसाला हादरे बसले असतील, पण आपण पाच मीटर पलीकडे येऊन पोचलोय हे कळायला त्याच्याकडे काहीच मार्ग नव्हता. घर, रस्ता, विजेचा खांब, समोरची टेकडी, सगळं बरोबरच निघालेलं. हातात टेप आहे, पण टेपचं दुसरं टोक धरायला न हललेली जागाच नाही, अशी ही अडचण.

उपग्रहांच्या आधी हे काम त्रिकोणी सर्वेक्षणावर, म्हणजे दूरदूरच्या खुणांमधले कोन मोजून जागा काढण्यावर, चालायचं. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी सॅन अँड्रियास भ्रंशाच्या (जिथे खडक तुटून एकमेकांना घासत सरकतात त्या भेगेच्या) दोन्ही बाजूंची जुनी आणि नवी सर्वेक्षणं ताडून पाहिली. जमीन वर्षानुवर्षं ताणली जाते आणि भूकंपात झटक्याने सुटते, हा सिद्धांत त्यातूनच आला. मात्र ‘दूरचा डोंगर तरी जागेवरच असेल’ असं धरून चालावं लागायचं. आता ते टोक सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या हाती दिलंय.

सुरुवात करण्याआधी एक सांगतो, कारण पुढे सगळीकडे तेच आडवं येणार आहे. नवशिक्याचं सारं लक्ष ‘भूकंपानंतर’ काय झालं याकडे असतं. पण सरकणं म्हणजे वजाबाकी, आणि तिच्यातला एक आकडा भूकंपाच्या आधीचा असतो. तो कच्चा असला तर नंतर कितीही महागडं यंत्र लावा, उत्तर कच्चंच येणार.

फोन पाच मीटर चुकतो, मग मिलिमीटर कुठून येतात?

फोन प्रामुख्याने उपग्रहाच्या सिग्नलमधला कोड वाचतो. त्या कोडचा एकेक तुकडा अंतरात मोजला तर जवळजवळ २९३ मीटर लांब भरतो. त्याच्या कडा जुळवून काही मीटरपर्यंत पोचता येतं, त्याखाली फारसं नाही. सर्वेक्षणाचे रिसीव्हर कोड ज्या लहरीवर स्वार होऊन येतो ती वाहक लहरच मोजतात. जीपीएसच्या पहिल्या वारंवारतेवर तिची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे, आणि तिचा शंभरावा भाग ओळखणं चांगल्या रिसीव्हरला जमतं. म्हणजे दोनेक मिलिमीटर.

फुकट मात्र काही नाही. असा टेप डोळ्यांसमोर आणा की ज्यावरच्या मिलिमीटरच्या रेघा स्वच्छ दिसतात, पण मोठे आकडे पुसले गेलेत. रिसीव्हरला शेवटच्या लाटेचा तुकडा अचूक कळतो. मध्ये पूर्ण लाटा किती गेल्या ते कळत नाही. या न कळलेल्या पूर्णांकाला या क्षेत्रात ‘ॲम्बिग्विटी’ म्हणतात, आणि तो सोडवणं हा सॉफ्टवेअरच्या कामाचा गाभा. उपग्रह तासन्‌तास अखंड दिसत राहिला तर पूर्णांक पक्का होतो. मध्ये सिग्नल तुटला, केबल हलली, वीज गेली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. भूकंपात या तिन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

वाटेत वातावरणही आहे. आयनांबराचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून दोन वारंवारता वापरून तो जवळजवळ पूर्ण काढता येतो. खालच्या हवेचा परिणाम तसा निघत नाही. समुद्रसपाटीला अगदी डोक्यावरून येणारा सिग्नलसुद्धा सुमारे २.३ मीटर जास्त लांबून आल्यासारखा दिसतो, आणि त्यातला बाष्पाचा वाटा हवामानासारखाच लहरी. हा विलंब सॉफ्टवेअरला स्टेशनच्या उंचीबरोबरच शोधावा लागतो आणि दोघे एकमेकांत मिसळतात. शिवाय उपग्रह फक्त वर असतात, पायाखालून कोणी मोजत नाही. म्हणून उभ्या दिशेची चूक आडव्या दिशेच्या दोन-तीन पट धरायची. आडव्यात दोन-तीन मिलिमीटर आणि उभ्यात सात-आठ, असा अंदाज दैनिक उत्तरासाठी, म्हणजे दिवसभराच्या नोंदींतून काढलेल्या एका स्थानासाठी, मनात ठेवा.

पहिला सराव: तयार आकडे घ्या

पहिल्याच दिवशी कच्च्या फाइलींच्या मागे लागू नका. नेवाडा जिओडेटिक लॅबोरेटरी जगभरच्या हजारो स्टेशनांची दैनिक स्थानं काढून खुली ठेवते. प्रत्येक स्टेशनची एक साधी मजकुराची फाइल, रोजची एक ओळ: तारीख, पूर्व, उत्तर, उंची आणि त्यांच्या अनिश्चितता. पूर्व, उत्तर आणि उंची यांचे पूर्णांक आणि अपूर्णांक भाग वेगवेगळ्या रकान्यांत असतात, त्यांची बेरीज करून घ्या. ही बेरीज विसरून एक-दोन दिवस डोकं आपटणारे बरेच भेटतात.

भूकंप मोठा निवडा. ५ तीव्रतेच्या भूकंपात सहसा काहीच दिसत नाही. ६ च्या पुढचा, उथळ, आणि स्टेशन जवळ असेल तर सेंटिमीटरभर हालचालीची आशा धरावी. शिकायला २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ चा भूकंप उत्तम. काठमांडूच्या उत्तरेला डोंगरावर केकेएन४ नावाचं स्टेशन आहे. ते सुमारे १.८ मीटर दक्षिणेला सरकलं आणि १.३ मीटर वर उचललं गेलं, त्यामुळे आलेखावर शोधाशोध करावी लागत नाही.

तिन्ही दिशांचे आलेख काढा आणि गणिताला हात लावण्याआधी नुसते बघत बसा. चार गोष्टी दिसतील. एक, भूकंप नसतानाही रेघ तिरकी चाललेली असते, कारण भूपट्ट सरकतोय. जागतिक चौकटीत, म्हणजे अख्ख्या पृथ्वीसाठी ठरवलेल्या निर्देशांकांच्या व्यवस्थेत, भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. दोन, तिच्यावर वर्षाची लाट असते. हिमालयातल्या स्टेशनांवर ती ठसठशीत दिसते, कारण पावसाळ्यात मैदानात साठणाऱ्या पाण्याच्या वजनाने जमीन दबते आणि नंतर वर येते. तीन, भूकंपाची उडी. आणि चार, भूकंपाशी संबंध नसलेल्या उड्या. कोणीतरी अँटेना बदलला की उंचीत सहज सेंटिमीटरभर पायरी पडते. त्याच प्रयोगशाळेकडे अशा पायऱ्यांची यादी मिळते. ती उघडून पाहिल्याशिवाय ‘जमीन उचलली गेली’ असं कोणाला सांगू नका.

वजाबाकी

सरावासाठी काही आकडे घेऊ. हे मी बनवलेत, कुठल्या स्टेशनचे नाहीत. उत्तर दिशा, मिलिमीटरमध्ये. भूकंपाआधीचे पाच दिवस: ३.१, ४.४, २.६, ५.२, ३.७. नंतरचे पाच दिवस: −३८.९, −४१.२, −४०.३, −३७.८, −४०.८.

आधीची सरासरी ३.८, नंतरची −३९.८. फरक −४३.६. बहुतेक जण इथे थांबतात, पण थोडं बाकी आहे. दोन खिडक्यांच्या, म्हणजे या पाच-पाच दिवसांच्या गटांच्या, मध्यांमध्ये सहा दिवसांचं अंतर आहे (भूकंपाचा दिवस मध्ये गाळलाय, का ते पुढे येईल). स्टेशन एरवी वर्षाला ४० मिलिमीटर उत्तरेला जात असेल, तर या सहा दिवसांत भूकंप नसता तरी ते ०.७ मिलिमीटर पुढे गेलं असतं. म्हणून भूकंपाने केलेली हालचाल −४४.३, म्हणजे ४४.३ मिलिमीटर दक्षिणेला.

अनिश्चितता? दोन्ही गटांतल्या विखुरण्यावरून ती ±०.८ निघते. मी ±२ लिहीन. ०.८ काढताना प्रत्येक दिवसाची चूक स्वतंत्र आहे असं सूत्राने गृहीत धरलंय, आणि तसं नसतं. आजची चूक उद्यावर रेंगाळते, त्यामुळे सूत्र नेहमीच फाजील आत्मविश्वासाने बोलतं.

आता खिडकी किती रुंद घ्यावी? आधीच्या बाजूला हात सैल सोडा: दोन-तीन वर्षांचे आकडे असतील तर सरळ रेघ आणि वार्षिक लाट बसवून घ्या, म्हणजे स्टेशनचा नेहमीचा स्वभाव पक्का कळतो. नंतरच्या बाजूला मात्र आखडून. भूकंपानंतर भ्रंश हळूहळू सरकत राहतो, आधी वेगाने, मग मंद होत. खिडकी लांबवली की ही हालचाल उडीत मिसळते. नेपाळच्या बाबतीत आणखी एक कुंपण आहे: १२ मे २०१५ ला ७.३ चा दुसरा मोठा धक्का बसला. पहिल्या भूकंपाची ‘नंतर’ची खिडकी त्या तारखेच्या आत संपलीच पाहिजे.

थोडा सराव झाला की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत सगळं एकदम बसवा: स्थिर भाग, वेग, वार्षिक आणि सहामाही लाट, भूकंपाच्या क्षणी पायरी, आणि त्यानंतर लॉगरिदमने मंदावणारी शेपटी. पायरी आणि शेपटी एकमेकांचा वाटा पळवतात, त्यामुळे उत्तर आलं की वरच्या साध्या वजाबाकीशी ताडून बघा.

भूकंपाचा दिवस

याला वेगळा मथळा मुद्दाम दिलाय. दैनिक उत्तर जागतिक वेळेच्या (यूटीसी) साधारण मध्यरात्र ते मध्यरात्र अशा चोवीस तासांचं असतं. नेपाळचा भूकंप जागतिक वेळेने सकाळी ६:११ ला झाला. म्हणजे त्या दिवसाच्या नोंदींपैकी पाव भाग जुन्या जागेवरच्या आणि पाऊण भाग नव्या. सॉफ्टवेअरला वाटतं स्टेशन एका जागी उभं होतं. ते दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक जागा शोधून देतं, जिथे अँटेना कुठल्याही क्षणी नव्हता. तो दिवस गाळा. कच्ची फाइल हाताशी असेल तर तिचे दोन तुकडे करून वेगळी उत्तरं काढा.

तारखेचा घोळही सांभाळा. जपानमधल्या कुमामोतोचा मोठा भूकंप स्थानिक वेळेने १६ एप्रिल २०१६ च्या पहाटे १:२५ ला झाला. जागतिक वेळेने तेव्हा १५ एप्रिलची दुपार होती. बातमीतली तारीख घेऊन गाळलात तर चांगला दिवस जाईल आणि भेसळीचा दिवस राहील.

स्वतः प्रक्रिया करायची झाली तर

रिसीव्हरची फाइल रायनेक्स या सामाईक मजकुरी स्वरूपात बदलून घ्या, बहुधा तीस सेकंदांना एक नोंद अशी. पुढे दोन वाटा फुटतात. एकीत दोन स्टेशनांचा फरक काढून सामाईक चुका कापल्या जातात. गॅमिट आणि बर्नीज ही संशोधकांची जुनी सॉफ्टवेअरं मुख्यतः याच वाटेची, आणि आरटीकेलिब फुकट असल्याने हात बसवायला बरं. दुसरी वाट पीपीपीची, म्हणजे उपग्रहांच्या अचूक कक्षा आणि घड्याळं घेऊन एकट्या स्टेशनचं स्थान काढायचं. कॅनडा सरकारच्या ऑनलाइन पीपीपी सेवेला फाइल पाठवली की उत्तर परत येतं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

कारण पहिल्या वाटेवर एक खड्डा आहे. जवळचं स्टेशन ‘स्थिर’ म्हणून घेतलं आणि तेही भूकंपात सरकलेलं असलं, तर तुमचं स्टेशन कमी सरकलेलं दिसतं, आणि आलेख इतका नीटनेटका येतो की शंकाही येत नाही. किती दूर गेलं की पुरे? २०११ च्या भूकंपाने टोकियोतला जपानच्या अक्षांश-रेखांशांचा मूळ बिंदूच २७.६७ सेंटिमीटर सरकला आणि देशाला आपल्या मोजमापाचे अधिकृत आकडे बदलावे लागले. एवढ्या मोठ्या भूकंपात शेकडो किलोमीटर म्हणजेही जवळच. संदर्भ म्हणून दूरची अनेक स्टेशनं घ्या, एकावर भरवसा नको.

कक्षा कोणत्या वापरायच्या? अंतिम कक्षा यायला दोनेक आठवडे लागतात, जलद कक्षा दुसऱ्या दिवशी मिळतात. दहा सेंटिमीटरच्या उडीसाठी जलद पुरतात. मात्र आधीचे दिवस एका प्रकारच्या कक्षांनी आणि नंतरचे दुसऱ्या प्रकारच्या, असं करू नका. अँटेनाच्या प्रकारानुसार मोजमापात करायच्या सुधारणांची फाइल आणि जागतिक चौकटीची आवृत्ती, दोन्ही बाजूंना तीच.

मैदानात

कायमचं स्टेशन जवळ नसेल तर आधी कधीतरी मोजलेल्या खुणेवर जाऊन पुन्हा मोजावं लागतं. खडकात बसवलेली पितळी किंवा स्टीलची खूण असेल तर सोनं. भेगा गेलेल्या इमारतीच्या गच्चीवर, कोसळू पाहणाऱ्या कड्याखाली तिपाई लावायची नाही. आकडा कितीही मोलाचा असो, मोठे आफ्टरशॉक येतच असतात.

खूण शाबूत आहे म्हणजे विश्वासू आहे असं नाही. भुसभुशीत उतारावरची जमीन हादऱ्याने स्वतःच घसरते, वाळूची ओली जमीन पातळ होऊन पसरते. ही हालचाल खरी असते, पण भ्रंशाची नसते. आसपासचे बिंदू एका दिशेला आणि हा एकटाच उताराच्या दिशेला चाललेला दिसला, तर तो बाजूला ठेवा.

तिपाईचे पाय रोवा, बबल मध्ये आणा, ऑप्टिकल प्लमेटमधून (सरळ खाली पाहणाऱ्या छोट्या दुर्बिणीतून) खुणेचा बिंदू बरोबर मध्यावर घ्या, मग पुन्हा बबल बघा, कारण एक सांभाळताना दुसरा हलतो. अँटेनावरचा बाण उत्तरेकडे करा. आणि मग ते काम, जिथे सगळ्यात जास्त मोजण्या वाया जातात: अँटेनाची उंची.

खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंत टेप लावला की तो तिरका जातो. समजा वाचन आलं १.५०० मीटर आणि अँटेनाच्या मध्यापासून कडेचं अंतर आहे १७ सेंटिमीटर. पायथागोरस लावला की उभी उंची १.४९० येते. जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक. वहीत नुसतं ‘उंची १.५००’ लिहिलं असेल तर घरी बसलेल्या माणसाला ती तिरकी की उभी हे कळणार कसं? मी एकदा एका बिंदूवर एक सेंटिमीटरची ‘उचल’ पाहून आठवडाभर तिला साजेशी भ्रंशाची कथा रचत होतो. शेवटी वहीच्या समासात कोणीतरी पेन्सिलने ‘तिरकी’ असं लिहिलेलं सापडलं. अक्षर माझंच होतं.

तीन बाजूंनी उंची वाचा. दोन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर तिपाई पुन्हा लावा. काम संपल्यावर आवरण्याआधी परत एकदा वाचा. किमान चोवीस तास, शक्य असल्यास दोन-तीन दिवस मोजणी चालू ठेवा. बॅटरी मध्यरात्री संपते, असा माझा अनुभव. जोडीला दुसरी ठेवा.

हादरा चालू असताना

काही स्टेशनं सेकंदाला एक किंवा पाच नोंदी ठेवतात. केकेएन४ त्यांतलंच, सेकंदाला पाच. त्यामुळे तिथे जमीन काही सेकंदांत सरकून नव्या जागी कशी थांबली ते दिसलं. भूकंपमापक हे सहज सांगू शकत नाही. त्वरणमापकाचे आकडे दोनदा बेरजेत घालून सरकणं काढायचं म्हटलं की बारीकशी चूकसुद्धा फुगत जाते. जीपीएस सरळ स्थानच देतं. २०११ मध्ये जपानच्या हवामान संस्थेचा पहिला अंदाज ७.९ होता, प्रत्यक्षात भूकंप ९ चा निघाला. तातडीच्या अंदाजात जीपीएस घेण्याकडे त्यानंतर अधिक गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

या आकड्यांवर काम करताना घड्याळ सांभाळा. जीपीएसची वेळ लीप सेकंद पाळत नाही. २०१७ पासून ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. नेपाळच्या भूकंपावेळी १६ सेकंद पुढे होती. हे विसरलात तर भूकंपमापकाशी जुळवताना तुमची जमीन हादरा पोचण्याच्या आधीच हललेली किंवा उशिरा जागी झालेली दिसेल.

बाण काढणं आणि वाचणं

पूर्व आणि उत्तर या दोन उड्यांवरून नकाशावर बाण काढा. लांबी वर्गमुळाने; दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे हवी असेल तर एटॅन२ मध्ये (दोन आकड्यांवरून कोन काढणाऱ्या फलनात) आधी पूर्व, मग उत्तर. उलट क्रमाने घातलं तरी बाण येतोच, फक्त चुकीचा. टोकाशी अनिश्चिततेचं लंबवर्तुळ काढायला विसरू नका. बाणापेक्षा लंबवर्तुळ मोठं असेल तर तिथे काही दिसलं नाही, असंच म्हणायचं.

एकट्या बाणावरून फार बोलू नये. दहा-वीस बाण झाले की आकृती बोलू लागते. भ्रंशाच्या दोन बाजूंचे बाण समांतर पण उलट दिशांना असतील तर जमीन आडवी घासून सरकलीय. एका बाजूचे बाण भ्रंशाकडे धावतायत आणि जमीन उचललीय, तर एक भाग दुसऱ्यावर चढलाय. काठमांडूचं दक्षिणेला सरकणं आणि वर येणं हे याच जातीचं. पुढची पायरी म्हणजे भ्रंशाची लांबी, रुंदी, कल आणि सरक गृहीत धरून बाण कसे दिसायला हवेत ते काढणं. त्यासाठी जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओकादा यांची १९८५ ची सूत्रं अजून वापरात आहेत. ताळा पाहायला एक गणित जवळ ठेवा: ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद भ्रंश १ मीटर सरकला आणि खडकाचा ताठपणा नेहमीचा ३० गिगापास्कल धरला, तर तीव्रता ६.८ च्या आसपास येते. तुमचं मॉडेल ६.८ च्या भूकंपासाठी तेवढ्याच भ्रंशावर पाच मीटरची सरक मागत असेल, तर भूगर्भाला दोष देण्याआधी एककं तपासा.

बाण समुद्राच्या दिशेने वाढत जात असतील तर सगळ्यात मोठी हालचाल तुमच्या जाळ्याच्या बाहेर, पाण्याखाली झालीय. जपानने २०११ नंतर समुद्रतळावरच्या बिंदूंचं मोजमाप केलं: जहाजाचं स्थान जीपीएसने, तिथून तळापर्यंतचं अंतर ध्वनीने. एक बिंदू सुमारे २४ मीटर सरकलेला निघाला. किनाऱ्यावरच्या ५.३ मीटरच्या चौपटीहून जास्त.

मोजून झाल्यावर

सहा महिन्यांनी, वर्षाने, त्याच खुणांवर पुन्हा जायचंय, कारण शेपटी चालूच असते. त्या वेळी कदाचित दुसरंच कोणी जाईल. म्हणून वहीत हे लिहा: रिसीव्हर आणि अँटेनाचा प्रकार व क्रमांक, उंचीची सगळी वाचनं आणि ती तिरकी की उभी, टेप अँटेनाच्या नेमक्या कुठल्या कडेला टेकवला, सुरुवात आणि शेवट जागतिक वेळेत. खुणेचे दोन फोटो काढा, एक जवळून, ज्यात बिंदू आणि टेपचं टोक दिसेल, आणि एक लांबून, ज्यात मागचा डोंगर येईल. झाडाझुडपांत हरवलेली खूण त्या दुसऱ्या फोटोवरूनच सापडते.